काय दिसलं?

जुन्या हुबळीत आम्ही जागा बघायला गेलो, तेव्हा घरमालकिणीनं आमची जात विचारली नाही, मांसमच्छी करता का विचारलं नाही, मूलबाळ आहे का तेही नाही. खालच्या मजल्यावरच्या आपल्या तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानात त्या मांडी घालून बसल्या होत्या. मला नीट न्याहाळून घेतलं आणि विचारलं, "स्वप्नं पडत्यात काय तुला?"

मी सातारची. हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायची नोकरी नुकतीच लागली होती आणि त्या विषयाचा थोडा ताठाही होता. नाही पडत, म्हणून सांगितलं. त्यांनी निराशेनं मान हलवली आणि माझ्या नवऱ्याकडं वळल्या. तो बँकेत असला तरी स्वभावानं भोळा. म्हणाला, नुसत्या बनियनवर परीक्षेला बसलोय आणि पेपर कन्नडमध्ये आलाय, असं अधूनमधून दिसतं. वरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या त्या त्या बनियनमुळं. मी इतकी चाट पडले होते, की नळाला पाणी कधी येतं हे विचारायचंच विसरले.

सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. उंच, हाडापेरानं मोठ्या, कपाळावर काहीच नाही आणि आवाज असा, की समोरच्या पिठाच्या गिरणीतही ऐकू जावा. सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले, की अक्का उंबऱ्यावर बसलेल्या असायच्या आणि त्यांचा एकच प्रश्न असायचा, "काय दिसलं?" तो एकट्या मला नव्हता. फुलवालीला, गिरणीवाल्या काकींना, कामावर निघालेल्या बसकंडक्टरला, सगळ्यांना. दूधवाल्याला त्या तेच कन्नडमध्ये विचारायच्या, "कनसिनाग एन बंत?" आणि तो बिचारा सायकल कलती धरून, दूध मापता मापता आपलं स्वप्न सांगून मोकळा व्हायचा. मला हे सगळं भयंकर वाटायचं. ज्या गल्लीत लोक एकमेकांना आंघोळ झाली का विचारत नाहीत, तिथं एक बाई सगळ्यांच्या झोपेची झडती घेते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही!

साप, पाणी, पडलेला दात, विमान, यांत त्यांना काडीचा रस नव्हता. "माणूस कोण आलं ते सांग की," म्हणायच्या. गेलेलं माणूस आलं असेल, तर त्यानं काय मागितलं, हा पुढचा प्रश्न. आणि मागितलेली वस्तू त्याच दिवशी पुरवली जायची. त्यात कुचराई नाही. गिरणीवाल्या काकींच्या स्वप्नात एकदा त्यांचे सासरे आले आणि गिरमिट मागून गेले. अक्कांनी चुरमुरे आणवले, कांदा-टोमॅटो परतून गिरमिट करवलं, वर मिरची भजी. मग ते कुणी खायचं, यावर विचार झाला. सासरे अंगानं जाडे होते, ढेकर मोठा द्यायचे, म्हणून माझ्या नवऱ्याला बोलावणं आलं. तो ऑफिसचे कपडे घालून खाली पाटावर बसला आणि एका मेलेल्या माणसाच्या वतीनं परातभर गिरमिट खाऊन वर आला. मी जिन्यात उभी राहून बघत होते. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर माझा जबडाच उघडा पडला होता. तो म्हणाला, "चव चांगली होती."

या सगळ्याच्या मागं काय आहे, ते मला काकींनीच सांगितलं. अक्कांना एकच मुलगा. मिसरूड फुटायच्या वयात त्याला भांड्यांच्या दुकानात बसायचं नव्हतं, लॉरीवर जायचं होतं. बापानं एक दिवस भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. पोरगं तसंच पायऱ्या उतरून गेलं ते परत आलं नाही. पत्र नाही, निरोप नाही. बाप त्या धसक्यानं खचला आणि वारला. अक्का उरल्या. मी गेले तेव्हा पोराला जाऊन बारा वर्षं होत आली होती, आणि आपल्याकडं बारा वर्षं पत्ता न लागलेल्या माणसाचं काय करतात, ते ठाऊक आहेच. त्याला गेला असं समजतात, दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आणि दिवस घालतात.

अक्कांचे धाकटे दीर कलघटगीला दुकान चालवत. त्यांच्या मुलीचं लग्न जमता जमता मोडत होतं आणि कुणीतरी सांगितलं होतं, की घरातला एक जीव ना इकडं ना तिकडं अडकलाय, तो सुटेपर्यंत हे असंच चालायचं. म्हणून ते महिन्या दोन महिन्यांनी येत, वहिनींसमोर बसत आणि विधी उरकून टाकू म्हणत. अक्का ऐकून घ्यायच्या, चहा द्यायच्या आणि ठरलेलं उत्तर द्यायच्या. ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"भाऊजी, मेलेलं माणूस स्वप्नातनं येतंय. जित्तं माणूस दारातनं येतंय. माझं पोरगं अजून स्वप्नात आलेलं न्हाई. मग ते कुठनं येणार, सांगा बघू?"

एवढ्यावर त्यांचं आईपण उभं होतं. आणि आपल्या झोपेत आला नाही म्हणून भागत नव्हतं. बापाचा मार आठवून, घराला भिऊन तो दुसऱ्या कुणाच्या झोपेत शिरला तर? म्हणून रोज सकाळी सगळ्या गल्लीची चौकशी. दूधवाल्याला बैल दिसला, फुलवालीला बस दिसली, कंडक्टरला काहीच दिसलं नाही, म्हणजे आजचा दिवस पोरगं जिवंत. हे कळलं तेव्हा मी त्यांच्यावर चिडायचं सोडलं. दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला गेले आणि त्यांनी विचारायच्या आत सांगितलं, "काही दिसलं नाही, अक्का." त्यांचा चेहरा असा उजळला, की मी रोज तेच सांगायचं ठरवलं.

त्यांची दुसरी तऱ्हा औषधांची. कुणाचीही उरलेली गोळी फेकू द्यायच्या नाहीत. गल्लीत कुणाचं बाळंतपण झालं, कुणी आजारातून उठलं, की उरलेल्या ताकदीच्या गोळ्या अक्कांकडं यायच्या. तापाच्या, पोटाच्या गोळ्या घेत नसत, ते विष म्हणायच्या. पण ताकदीची गोळी म्हणजे अन्नच, ते टाकायचं कसं? दुकानातला एक पितळी मिसळणाचा डबा त्यांनी त्यासाठी ठेवला होता. मोहरीच्या जागी लोहाच्या लाल गोळ्या, हळदीच्या जागी बी-कॉम्प्लेक्सच्या पिवळ्या, जिऱ्याच्या जागी कॅल्शियमच्या पांढऱ्या. फोडणीला घ्यावं तसं चिमटीनं उचलायच्या आणि पाण्याबरोबर घ्यायच्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडलेच. त्यांनी मलाही एक लाल देऊ केली.

मग एका थंडीत त्यांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. तळवे बधिर व्हायचे, चप्पल निसटलेली कळायची नाही. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता, तिथल्या डॉक्टरांनी तपासून बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. जेवणानंतर एक, बास. पण अक्का दुकानदारीण होत्या. गिऱ्हाइकाला मापावर थोडं जास्त घालून द्यायची त्यांच्या घराण्याची रीत, ती त्यांनी स्वतःच्या पोटालाही लावली. डॉक्टरांची एक, डब्यातल्या त्याच जातीच्या तीन-चार वर. आणि त्याही झोपताना, कारण तेव्हा पोट गप्प असतं आणि औषध सरळ पायात उतरतं, असा त्यांचा हिशोब. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच दिसत होतं, की अक्का झोपून उठतात तेव्हा डोळे ताठ असतात आणि बोलणं कमी झालंय.

एक दिवस सकाळी दूध घ्यायला उतरले. उंबऱ्यावर अक्का होत्या, पण प्रश्न आला नाही. मीच आपणहून म्हटलं, काही दिसलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"आला," म्हणाल्या.

मी भांडं खाली ठेवलं. त्या हळूहळू सांगत गेल्या. आठवडाभर तो येत होता. दुकानात घंगाळांच्या रांगेपाशी बसलेला, अंगात घरी टाकून गेलेला निळा चौकड्यांचा शर्ट, त्याचं दुसरं बटण तुटलेलं. सिनेमात दिसावं तसं लख्ख. शर्टाला घामाचा वाससुद्धा येत होता. लहानपणी आईला मारायचा तीच हाक मारून म्हणत होता, अव्वा, भूक लागलीया. आयुष्यात त्यांना असं स्वच्छ स्वप्न कधी पडलं नव्हतं. एकदा आला असता, तर मनाचा खेळ म्हणून सोडलं असतं. रोज येतोय, आणि खायला मागतोय.

मी काहीबाही बोलले, मन असतं, आठवण असते. पण त्यांच्या जगात याचा अर्थ एकच होता आणि तो त्यांनीच गल्लीभर शिकवला होता. इतके दिवस ज्या बाईनं दिराला दाद दिली नाही, तिनंच कलघटगीला निरोप धाडला, की या आणि काय ते करून टाका. दीर धावत आले. कलघटगीच्या पलीकडं ओढ्याच्या काठी पुतळा केला, त्याला अग्नी दिला. बायका गेल्या नाहीत. दीर निघण्याआधी अक्कांनी पेटीतून तो निळा शर्ट काढला, नवं बटण लावलं आणि पुतळ्याला घालायला म्हणून दिरांच्या हातात दिला. डोळ्यांत टिपूस नाही. मी तिथंच उभी राहून ते बटण लावणारे हात बघत होते. आजही ते आठवलं की मी सुई खाली ठेवते.

एवढं झाल्यावर तो यायचा थांबायला हवा होता. तो थांबला नाही. रोज येत राहिला. रोज काहीतरी मागत राहिला, कधी धपाटे, कधी गुळाचा चहा. अक्का रोज ते करून कावळ्याला घालू लागल्या. आणि मुंग्या कमी व्हायच्या सोडून गुडघ्यापर्यंत चढल्या. शेवटी भिंत धरून चालायची वेळ आली, तेव्हा मी त्यांना जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं आणि मिसळणाचा डबाही पिशवीत घालून बरोबर घेतला.

डॉक्टरांनी डबा उघडला आणि गोळ्या टेबलावर ओतून जाती वेगळ्या केल्या. मग किती घेता, कधी घेता, सगळं कन्नडमध्ये विचारून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की या जीवनसत्त्वाचा डोस फार झाला तर ज्या मुंग्यांसाठी ते घ्यायचं, त्याच वाढतात. आणि झोपताना घेतलं तर काही लोकांना स्वप्नं फार ठळक पडतात, सकाळी सगळी लक्षात राहतात. सगळ्यांचं असं होतं असं नाही, आणि का होतं तेही नक्की सांगता येत नाही, पण आपण पाहिलंय. मग सहज म्हणून त्यांनी विचारलं, तुम्हाला स्वप्नं पडतात का हो, अक्का?

जीवशास्त्राची मी मास्तरीण, माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. अक्का डॉक्टरांकडं बघत राहिल्या, मग डब्याकडं, मग माझ्याकडं. आणि मराठीत, मला एकटीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "म्हंजे मी गोळीच्या सांगण्यावरनं माझं पोरगं जाळलं?"

मी त्यांचा हात धरला. दुसऱ्या हातानं डब्याचं झाकण लावलं.

गोळ्या बंद झाल्या. थोड्या दिवसांत स्वप्नंही विरली, पायही हळूहळू ताळ्यावर आले. म्हणजे पुन्हा पहिला हिशोब, स्वप्नात येत नाही त्याअर्थी जिवंत. पण आता तो जाळलेला होता. अक्का भटजींकडं गेल्या आणि झालेला विधी उलटा फिरवा म्हणून हटून बसल्या. भटजी म्हणाले, तसं फिरवता येत नाही. मात्र ज्याचे दिवस घातले तो माणूस उद्या जिवंत परत आला, तर त्याला तुपानं न्हाऊ घालून नव्यानं जन्माला घालायचा, जातकर्म, बारसं, सगळं तान्ह्या मुलासारखं. अक्कांनी तेवढं पक्कं लक्षात ठेवलं. दुकानातलं सगळ्यात मोठं तांब्याचं घंगाळ खाली उतरवून चिंचेनं लख्ख घासलं आणि माजघरात नेऊन ठेवलं. गिऱ्हाईक आलं तर सांगायच्या, ते विकायचं नाही, ते बाळंतपणाचं आहे. साठीच्या विधवा बाईच्या तोंडून हे ऐकून गिऱ्हाईक माझ्याकडं बघायचं. मी छताकडं बघायची.

आणि तो आला. दारातूनच आला.

सकाळी शाळेला निघाले होते. गल्लीच्या तोंडाशी लॉरी थांबली आणि एक सुटलेल्या पोटाचा, झुपकेदार मिशांचा माणूस तरातरा चालत आला. दावणगेरेच्या एका ढाब्यावर त्याला आमच्या गल्लीतला एक क्लीनर भेटला होता, आणि त्यानं ओळखून विचारलं होतं, की अरे, तुझे तर दिवस घातले, तू इथं पुऱ्या काय खातोस? म्हणजे इतकी वर्षं हा दावणगेरेला होता. त्याहून पुढचं तर ऐका. धारवाडकडं माल घेऊन जाताना उणकलच्या तळ्यावर तो महिन्यातून एकदा लॉरी धुवायला थांबत होता. तिथून हे दार रिक्षानं जाण्याइतकं. जिवंत असताना याला घर आठवलं नाही. आपण मेल्याची बातमी कळली, तेव्हा राग येऊन आला.

"मला जाळलंत?" दारात उभा राहून तो एवढंच म्हणाला. मराठीवर दावणगेरेच्या कन्नडचं जाड पुट चढलं होतं.

मला वाटलं, अक्का आता कोसळतील, नाहीतर धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतील. त्या उठल्या, त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि उंबऱ्यावर आडवा हात धरला.

"तिथंच थांब. तू मेलेला हाईस. आत यायचं असंल तर जल्माला येऊन ये."

इतकी वर्षं जी दाराकडं डोळे लावून बसली, तिनं पोराला कट्ट्यावर बसवलं! पाणी बाहेर, भाकरी-झुणका पत्रावळीवर बाहेर. भटजी गावाला गेले होते, ते येईपर्यंत हा बाबा लॉरीत झोपत होता. गल्ली अक्कांवर संतापली, मीही संतापले, तोंडावर बोललेसुद्धा. त्यांनी एवढंच सांगितलं, की एकदा घाईनं केलं ते बास झालं, आता रीतसर.

बारसं सगळ्या गल्लीनं पाहिलं. त्या मोठ्या घंगाळात तो गडी गुडघे पोटाशी घेऊन बसला, कारण तसाच मावत होता, आणि अक्कांनी डोक्यावरून पातळ तूप ओतलं. मिशांतून तूप ठिबकत होतं. मग त्याला दुपट्यात गुंडाळून आत घेतलं. आईच्या मांडीवर मूल द्यायचं असतं, ते काही जमलं नाही, म्हणून त्यानं अक्कांच्या मांडीवर नुसतं डोकं टेकलं. तोवर गल्ली हसू दाबून उभी होती. काकींच्या डोळ्यांना धार लागली, माझ्याही. जुनं नाव जळून गेलं होतं, ते परत लावता येणार नव्हतं. अक्कांनी कानात नवं नाव सांगितलं. ते नंतर कुणाच्याच तोंडात बसलं नाही, त्याच्यासुद्धा.

पुढं तो राहिला. लॉरी सोडून दुकानात बसू लागला. वाईट नव्हता. दारू नाही, तंटा नाही. फक्त बोलायचा नाही. वाढलेलं खायचा, ट्रान्झिस्टर लावायचा, गिऱ्हाइकाला भाव सांगायचा. अक्कांना काही म्हणून हाकच मारायचा नाही. काही हवं असेल तर घसा खाकरायचा.

आमची बदली झाली. सामान बांधत होते, तेव्हा अक्का जिना चढून वर आल्या. फार दिवसांनी वर आल्या होत्या. खाली पोरगा भांडी मांडत होता, त्याचा आवाज येत होता. त्या पलंगावर टेकल्या आणि मी फेकायला काढलेल्या डब्या-बाटल्यांकडं बघत म्हणाल्या, तुला मधे अशक्तपणा होता, तेव्हा डॉक्टरनं त्याच गोळ्या दिलेल्या ना? उरल्यात काय?

मला वाटलं, पाय पुन्हा बधिर झाले. नाही म्हणाल्या, पाय छान आहेत. मग कशाला हव्यात? त्या वाकून एकेक डबी हलवून बघू लागल्या. मला कळलं, आणि मी त्यांच्या हातातली डबी काढून घेतली.

"अक्का, अहो तो खाली आहे! दारातनं आलाय, जिवंत आहे. आता स्वप्नात कुणाला बघायचंय?"

त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. आवाज नेहमीसारखाच, फक्त हळू.

"ह्याला मी दोनदा जल्म दिला, बाई. ह्याचं माझ्याकडं काय ऱ्हायलं न्हाई. खरं ज्याला मी जाळलं, त्यो मला अव्वा म्हणत होता. भूक लागली म्हणत होता. गोळ्या बंद केल्या तसा त्यो उपाशी हाय."

मी गोळ्या दिल्या नाहीत. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, पायांचं काय होईल, ते सगळं पुन्हा ऐकवलं, शपथ घातली. त्यांनी मान डोलावली आणि भिंत न धरता, सरळ पायांनी जिना उतरून गेल्या. पण व्हिटॅमिनच्या गोळीला औषधाच्या दुकानात कोण चिठ्ठी मागतो?

निघायच्या दिवशी सकाळी मी शेवटचं दूध घ्यायला उतरले. अक्का उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे ताठ, चेहरा उजळलेला. पुढ्यात केळीच्या पानावर दोन गरम धपाटे झाकून ठेवले होते. मागं दुकानात मुलगा घसा खाकरत होता, ते त्यांना ऐकू आलं नाही. दूधवाला सायकल कलती धरून थांबला, मी भांडं घेऊन थांबले. अक्कांनी आम्हाला काही विचारलं नाही.